पहिल्याच दिवशी सहाव्या वर्षाचा हिशेब मागू नका: ॲपलला खुले पत्र

प्रति,
ॲपल कंपनीत मॅक संगणकांचे आराखडे आणि किमती ठरवणारे सर्व संबंधित

विषय: मध्यम किमतीचा, उघडता येणारा आणि वाढवता येणारा डेस्कटॉप मॅक

सप्रेम नमस्कार,

मी ध्वनिसंकलक आहे. जुन्या स्पूल टेप, तबकड्या आणि कॅसेटींवरचे आवाज संगणकावर उतरवून घ्यायचे, त्यांतली खरखर कमी करायची आणि ते पुढच्या पिढीलाही ऐकता येतील अशी सोय लावायची, हे माझं काम. माझ्याकडे येणाऱ्या टेपवर बहुतेक वेळा कुणी प्रसिद्ध माणूस नसतो. कुणाच्या आजीने सांगितलेली गोष्ट असते, कुणाच्या वडिलांनी परगावाहून पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट असते. पण ज्यांची असते त्यांच्याकडे त्या आवाजाची दुसरी प्रत नसते. फितीवरचा चुंबकीय लेप झडायला लागला असेल तर ती एकदा नीट वाजते, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही. त्या एका वेळी संगणक अडखळला तर भरपाई कशानेच होत नाही.

हे काम जागा खातं. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाचं दोन वाहिन्यांचं मुद्रण केलं की तासाला साधारण २ जीबी लागतात. मूळ मुद्रण कधीही पुसायचं नाही, हा आमचा पहिला नियम. त्यामुळे मूळ प्रत, साफ केलेली प्रत आणि दोन्हींची एकेक राखीव प्रत धरली तर एका तासाच्या टेपमागे ८ जीबी गेले. माझी गरज एका दिवसात दुप्पट होत नाही, पण दर आठवड्याला थोडी वाढते आणि कमी तर कधीच होत नाही. मला मिळणारे पैसेही असेच थोडे थोडे येतात. हे पत्र का लिहिलं ते कळण्यासाठी या दोन्ही गोष्टी लक्षात घ्याव्यात.

इतकी वर्षं मी हे काम तुमच्याच २०१० सालच्या मॅक प्रोवर, म्हणजे उभ्या डब्याच्या ‘टॉवर’ संगणकावर केलं. तो मी वापरलेला विकत घेतला. घेतला तेव्हा त्यात ६ जीबी मेमरी होती आणि चारपैकी एकाच कप्प्यात डिस्क होती. पहिल्या वर्षी दुसरी डिस्क बसवली. पुढच्या वर्षी आठ वाहिन्यांचं साउंड कार्ड घेतलं आणि आतल्या रिकाम्या स्लॉटमध्ये, म्हणजे कार्डासाठीच्या खाचेत बसवलं. मग मेमरी २४ जीबी केली. मग एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क आली. यातलं कुठलंही काम करायला मला कुणा तंत्रज्ञाकडे जावं लागलं नाही. मागचा खटका वर केला की बाजूचा पत्रा सुटतो, डिस्कची पट्टी हाताने बाहेर येते, आणि आतली मांडणी इतकी स्वच्छ की पहिल्यांदा उघडणाऱ्यालाही काय कुठे जातं ते दिसतं. ज्यांनी तो डबा घडवला त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो, आणि हे पत्र लिहिण्याचं बळ मला त्या आदरातूनच आलं आहे.

त्या संगणकाचं आयुष्य किती वाढलं ते तुमच्याच नोंदींत आहे. २०१८ साली मॅकओएस या तुमच्या संगणक-प्रणालीची मोहावी ही आवृत्ती आली. २०१० सालच्या इतर एकाही मॅकला ती मिळाली नाही. मॅक प्रोला मिळाली, कारण मेटल हे तुमचं ग्राफिक्स तंत्र चालवणारं कार्ड बसवलं तर २०१० आणि २०१२ चे मॅक प्रो मोहावी चालवू शकतील, असं तुम्हीच जाहीर केलं होतं. मी कार्ड बदललं आणि आठ वर्षांचा संगणक पुन्हा कामाला लागला. पुढच्या आवृत्तीपासून तो आधार थांबला. इतक्या जुन्या यंत्राला नवी प्रणाली मिळत राहावी, असं माझं म्हणणं नाही. पण स्लॉट होता म्हणून त्याला वाढीव आयुष्य मिळालं, हे तुम्हाला विसरता येणार नाही.

आता मला नवा संगणक घ्यायचा आहे आणि त्याची जागा घेईल असं माझ्या आवाक्यातलं काही तुमच्या यादीत नाही. आजचं नाही, गेल्या वीस वर्षांचं हे दुखणं आहे.

२००५ च्या जानेवारीत तुम्ही मॅक मिनी हा पडद्याशिवायचा छोटा संगणक आणलात, अमेरिकेत ४९९ डॉलरला. २००६ च्या ऑगस्टमध्ये मॅक प्रो आणलात. त्याच्या ठरावीक रचनेची किंमत २,४९९ डॉलर होती. या दोहोंच्या मधल्या जागेत आयमॅक होता आणि त्याला पडदा कायमचा चिकटलेला होता. ज्याला मिनीपेक्षा जास्त ताकद हवी, पडदा स्वतःचा वापरायचा आहे आणि एखादं कार्ड बसवायचं आहे, त्याने काय घ्यायचं? तुमच्या चाहत्यांनी या गैरहजर संगणकाला ‘एक्समॅक’ असं नावही देऊन ठेवलं. अस्तित्वात नसलेल्या वस्तूला गिऱ्हाइकांनीच नाव द्यावं आणि ते इतकी वर्षं टिकावं, यावरून तिची गरज किती खरी आहे ते कळायला हवं होतं.

असा संगणक तुम्हाला जमत नाही असंही नाही. १९७७ च्या ॲपल २ मध्ये आठ स्लॉट होते. तुमच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह जॉब्झना दोनच पुरेसे वाटत होते आणि तो संगणक घडवणारे स्टीव्ह वॉझनियॅक आठवर अडून बसले, ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. त्या आठ स्लॉटांत लोकांनी काय काय बसवलं याची कल्पना वॉझनियॅकनाही आधीपासून नसणार, आणि स्लॉट ठेवण्याचं कारण नेमकं तेच. १९८४ चा मॅकिंटॉश बंद होता. मेमरी १२८ के (किलोबाइट), ती बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली, आणि डबा उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागायचा. तीन वर्षांत तुम्हीच मॅकिंटॉश २ काढलात, सहा स्लॉटांचा. १९९९ च्या जानेवारीत निळा-पांढरा पॉवर मॅक जी३ आला. कडी ओढली की त्याची बाजूची अख्खी भिंत मदरबोर्डासकट खाली उतरायची. चार स्लॉट होते आणि किंमत १,५९९ डॉलरपासून सुरू होत होती. मला हवा असलेला संगणक तुम्ही तेव्हाच बनवला होता.

आता तक्रारी. त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून सगळ्यांवर सारखं लिहीत नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की पुढची पाच-सहा वर्षं माझी गरज काय असेल, ते तुम्ही मला खरेदीच्या दिवशीच ठरवायला लावता. २०२४ च्या, तुमच्या एम४ चिपवर चालणाऱ्या मॅक मिनीचं उदाहरण घ्या. चांगला संगणक आहे; सुरुवातीला ५९९ डॉलरला १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण मिळत होती. बाजारात आला तेव्हा ८ जीबी मेमरी वाढवून घ्यायला २०० डॉलर पडत होते आणि २५६ जीबी साठवण वाढवायला आणखी २००. म्हणजे दोन्ही ठिकाणी एकेक पायरी वर चढलं की ५९९ चे ९९९ झाले. त्याच वर्षी १ टीबीची उत्तम एसएसडी सुटी घेतली तर २०० डॉलरहून कमी पैशांत मिळत होती. पण किंमत हा यातला दुय्यम भाग आहे. वाढवून घ्यायची संधी एकदाच मिळते, हे जास्त बोचतं. ज्याच्याकडे त्या दिवशी पैसे आहेत तो भीतीपोटी गरजेपेक्षा मोठं घेतो. ज्याच्याकडे नाहीत तो लहान घेतो आणि तिसऱ्या वर्षी अडतो. दोघांचाही अंदाज चुकतो, कारण सहा वर्षांनी आपलं काम कुठे असेल ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्या जुन्या टॉवरने मला असा प्रश्न कधी विचारला नाही. गरज पडली तेव्हा डिस्क घेतली, काम मिळालं तेव्हा कार्ड घेतलं. विद्यार्थी, छोटे व्यावसायिक, नुकता स्टुडिओ सुरू केलेली माणसं अशीच हळूहळू उभी राहतात, आणि त्यांच्याबरोबर वाढणारं यंत्र त्यांना लागतं.

दुसरी तक्रार स्लॉटच्या किमतीची. २०२३ च्या जूनमध्ये तुम्ही एम२ अल्ट्रा ही एकच चिप दोन डब्यांत घालून विकायला आणलीत. मॅक स्टुडिओ या स्लॉट नसलेल्या छोट्या डब्यात ६४ जीबी मेमरी आणि १ टीबी साठवणीसह तिची किंमत ३,९९९ डॉलर होती. तीच चिप, तितकीच मेमरी, तितकीच साठवण मॅक प्रोमध्ये ६,९९९ डॉलरला होती. मधला फरक ३,००० डॉलरचा. त्यात मुख्यतः मोठा डबा, मोठा वीजपुरवठा आणि कार्डांसाठी सहा मोकळे स्लॉट मिळत होते. ज्याला सहा नकोत, दोनच पुरेत, त्याने कुठे जायचं? १९९९ मध्ये १,५९९ डॉलरला चार स्लॉट देणारी कंपनी हीच आहे. मधली सगळी महागाई जमेस धरली तरी १,५९९ चे ६,९९९ होत नाहीत.

तिसरी, तुमच्या धरसोडीची. २०१२ चा मॅक मिनी बुडाचं गोल झाकण फिरवून उघडायचा आणि मेमरी बदलता यायची. २०१४ मध्ये ती सोल्डर झाली. २०१८ मध्ये पुन्हा स्लॉटमध्ये आली. २०२० मध्ये पुन्हा गेली. मॅक प्रोचंही तेच. २०१३ मध्ये काळ्या नळकांड्यासारखा मॅक प्रो काढलात आणि आतले कार्डांचे सगळे स्लॉट गेले. २०१७ मध्ये तुमच्या वरिष्ठांनी पत्रकारांना बोलावून मान्य केलं की त्या रचनेने उष्णतेच्या बाबतीत तुम्हालाच कोपऱ्यात अडकवलं होतं. चूक इतकी मोकळेपणाने कबूल करणं सोपं नसतं, आणि मी त्याचा मान राखते. पण त्यावरचा उपाय २०१९ मध्ये आला तो आठ स्लॉटांचा आणि ५,९९९ डॉलरचा. चूक सुधारताना तुम्ही थेट सर्वांत वरच्या मजल्यावर गेलात आणि मधल्या गिऱ्हाइकाला विसरलात.

चौथी तक्रार आयमॅकची आहे, आणि थोडक्यात सांगते. चांगला पडदा आतल्या संगणकापेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालतो. २००९ ते २०१४ च्या काही आयमॅकचा पडदा दुसऱ्या संगणकाला जोडून वापरता यायचा. ५के पडदा आला आणि ती सोय काढून टाकलीत. त्यानंतर आयमॅकचा संगणक म्हातारा झाला की धडधाकट पडदाही त्याच्याबरोबर निवृत्त होतो. मागच्या दारातून मेमरी घालता येणारा २७ इंची आयमॅकही २०२२ मध्ये बंद झाला.

पाचवी गोष्ट तुमच्याविरुद्ध तक्रार म्हणून सांगत नाही, कारण तो संगणक दुसऱ्याच एका कंपनीचा होता आणि तिचं नाव इथे घेण्याची गरज नाही. पण बंद डब्याची मला भीती का वाटते ते त्यातून कळेल. मधल्या काळात फिरतीच्या कामासाठी मी एक छोटा संगणक घेतला होता. त्याची साठवण बोर्डवर सोल्डर केलेली होती. एका संध्याकाळी एका वृद्ध बाईंच्या नवऱ्याच्या आवाजातली स्पूल टेप त्यावर उतरवून घेतली. फितीचा लेप वाजतानाच गळत होता. मुद्रण संपलं तेव्हा यंत्राच्या हेडवर तपकिरी पूड जमली होती. राखीव प्रत रात्री करायची म्हणून संगणक बंद केला आणि तो पुन्हा सुरूच झाला नाही. वीजपुरवठ्याचा एक भाग जळाला होता. दुरुस्ती केंद्राने सांगितलं की साठवणीच्या चिपा शाबूत असतील, पण त्या बोर्डपासून वेगळ्या करून वाचता येणार नाहीत. बोर्ड बदलून मिळेल, त्यावरचा आवाज मिळणार नाही. डिस्क सुटी असती तर ती काढून दुसऱ्या संगणकात लावायला मला दहा मिनिटं लागली असती. त्या बाईंना मी हे कसं सांगितलं ते इथे लिहिणार नाही. राखीव प्रत तिथल्या तिथे करायला हवी होती, ही माझी चूक होती आणि ती मी पुन्हा केली नाही. पण यंत्राचा एक भाग मेला म्हणून दुसरा जिवंत भागही हाताला लागू नये, ही रचना मला तेव्हाही मान्य नव्हती आणि आजही नाही.

तुमची बाजू काय असेल याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. त्यातला काही भाग मला पटतो.

मेमरीबद्दल तुम्ही म्हणाल की ॲपल सिलिकॉनमध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या एम-मालिकेच्या चिपांमध्ये, ती चिपला अगदी लागून असते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही तीच वापरतात, म्हणून इतका वेग मिळतो. एम२ अल्ट्राचा मेमरीचा वेग सेकंदाला ८०० जीबी होता. साध्या स्लॉटमधून असा वेग मिळवणं अवघड आहे, हे खरं. दुरुस्त करता येणारे संगणक बनवण्यासाठी ओळखली जाणारी फ्रेमवर्क ही कंपनीसुद्धा २०२५ मध्ये तिचा डेस्कटॉप आणताना याच कारणाने सोल्डर केलेल्या मेमरीवर आली. त्या डेस्कटॉपमधल्या एएमडी कंपनीच्या चिपला सुटी मेमरी जोडून पाहिली तर वेग टिकत नव्हता. म्हणून मेमरी सुटीच हवी हा हट्ट मी सोडते. माझ्यासारख्या अनेकांना तो सोडताना दुःख होईल, पण भौतिकशास्त्राशी भांडून काही मिळत नाही.

साठवणीला मात्र हे कारण लागू पडत नाही. मॅक स्टुडिओ आणि एम४ मॅक मिनी या दोन्हींत साठवण सुट्या मोड्यूलवर आहे. उघडून पाहिलेल्या सगळ्यांना ते दिसलं. सांकेतिकीकरण आणि नियंत्रण तुमच्या चिपमध्ये असल्यामुळे ही मोड्यूल बाजारातल्या साध्या एसएसडीसारखी नाहीत, हेही मला माहीत आहे. सुरक्षेसाठी तसं असू दे. पण २०१९ च्या मॅक प्रोसाठी साठवण वाढवण्याचे संच तुम्ही स्वतः विकलेत आणि नवं मोड्यूल बसवल्यावर दुसऱ्या मॅकला जोडून ते कसं सुरू करायचं तेही लिहून दिलंत. जे महागड्या संगणकाच्या मालकाला देता येतं ते मिनीच्या मालकाला का देता येत नाही? तांत्रिक कारण मला सापडलं नाही. असेल तर सांगा.

थंडरबोल्ट ही वेगवान केबलजोडणी आहे ना, बाहेर जोडा, असं नेहमी सांगितलं जातं. मी जोडून पाहिलं आहे. कार्डासाठी बाहेरचा डबा घेतला की त्याचा वेगळा वीजपुरवठा येतो, वेगळा पंखा येतो, वेगळी केबल येते. डिस्कसाठी आणखी एक डबा. ज्या खोलीत सुईच्या आवाजाचंही मुद्रण होतं तिथे हे दोन पंखे कुठे लपवायचे? आणि ती केबल नुसती खुपसलेली असते, तिला खटका नसतो. टेप वाजत असताना टेबलाला धक्का लागून केबल ढिली झाली तर मुद्रण तिथेच तुटतं. वेगाचं म्हणाल तर थंडरबोल्ट ३ आणि ४ ची कमाल सेकंदाला ४० गिगाबिट, थंडरबोल्ट ५ ची दोन्ही दिशांना ८०. कार्डांच्या स्लॉटसाठीच्या पीसीआय एक्सप्रेस ४ या मानकाचा पूर्ण रुंदीचा स्लॉट एका दिशेने सुमारे २५० गिगाबिट वाहून नेतो. माझ्या साउंड कार्डाला इतकं लागत नाही, हे कबूल. पण व्हिडिओवाल्यांना लागतं, वेगवान साठवणीला लागतं.

मग आकड्यांचं कारण उरतं. विकल्या जाणाऱ्या मॅकपैकी साधारण ८० टक्के लॅपटॉप असतात आणि एकूण मॅकमध्ये मॅक प्रोचा वाटा एक अंकी टक्क्यांचा, असं तुम्हीच २०१७ साली पत्रकारांना सांगितलं होतं. म्हणजे आम्ही थोडे आहोत. मात्र जे दुकानात ठेवलेलंच नाही त्याचा खप शून्य दिसणारच. परवडणाऱ्या स्लॉटवाल्या मॅकला गिऱ्हाईक किती, हे २०१७ च्या आकड्यांवरून कळत नाही, कारण तसा मॅक तेव्हाही नव्हता. २००८ मध्ये एका छोट्या कंपनीने, सायस्टारने, साध्या पीसीवर तुमची प्रणाली घालून तो विकायला काढला. तुम्ही न्यायालयात गेलात आणि २००९ मध्ये निकाल तुमच्या बाजूने लागला. कॉपीराइटचा भंग झाला होता, निकाल योग्यच होता. पण लोक तसा संगणक का मागत होते, हा प्रश्न न्यायालयाने सोडवायचा नव्हता. तो तुमच्याकडेच उरला. इतकी वर्षं रात्री जागून स्वतः जुळवलेल्या पीसीवर मॅकओएस चालवणारे लोकही हाच प्रश्न विचारत होते. त्यांतले पुष्कळ जण रीतसर पैसे देऊन मॅक घ्यायला तयार होते. त्यांना हवा तो मॅक मिळाला नाही. इंटेल कंपनीच्या चिपांना मॅकओएसमध्ये मिळणारा आधार संपत आला तसा तो मार्गही बंद होत चालला आहे.

पर्यावरणाबद्दल मी तुम्हाला शिकवायला नको. २०३० पर्यंत संपूर्ण व्यवसाय कार्बन-तटस्थ करण्याचं तुमचं वचन आहे, आणि एम४ मॅक मिनी हा पहिला कार्बन-तटस्थ मॅक म्हणून तुम्ही आणलात. संगणकाच्या एकूण कार्बनभारातला सर्वांत मोठा वाटा तो बनवतानाच पडतो, हे तुमच्याच अहवालांतून दिसतं. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. साठवण भरली म्हणून बदलला गेलेला प्रत्येक संगणक या ढिगात आपली भर घालतो, मग तो कितीही स्वच्छ विजेवर बनवलेला असो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. मॅक मिनी आणि मॅक स्टुडिओसाठी साठवणीचे सुटे संच अधिकृतपणे विका, बसवण्याच्या माहितीसह. यासाठी नवा संगणक बनवावा लागत नाही, म्हणून ही मागणी लगेच पुरी होऊ शकते.

२. मिनी आणि २०२३ चा मॅक प्रो यांच्या मधला एक डेस्कटॉप काढा. मिनीतली प्रो दर्जाची चिप, दोन पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, बाजारातल्या साध्या एसएसडी बसतील असे दोन कप्पे, मोठा आणि शांत पंखा, हाताने उघडणारं झाकण. सुरुवातीची किंमत २०२५ च्या मॅक स्टुडिओच्या १,९९९ डॉलरच्या वर जाऊ नये. ॲपल सिलिकॉनवर स्लॉट चालतात हे २०२३ च्या मॅक प्रोने दाखवलं आहेच. त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नव्हतं, तसंच इथेही नसेल तर माझी हरकत नाही; साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, व्हिडिओ कार्ड आणि साठवणीची कार्डं चालली पाहिजेत.

३. मेमरी सुटी देता येत नसेल तर बोर्ड बदलून द्या. जुना बोर्ड परत घ्या, फरकाची रक्कम घ्या आणि जास्त मेमरीचा बोर्ड त्याच डब्यात बसवून द्या. परत आलेला बोर्ड तपासून दुसऱ्याला विकता येईल. ही कल्पना माझी नाही, तुमचीच आहे. १९८६ मध्ये मॅकिंटॉश प्लस आला तेव्हा १२८ के आणि ५१२ के च्या मालकांना आतला बोर्ड बदलून आपला मॅक प्लस करून घेता येत होता. ज्यांना १९८४ मध्ये बंद डबा विकला होता, त्यांच्यासाठी दोन वर्षांत तुम्ही वाट काढून दिली होती.

४. त्या डेस्कटॉपला किती वर्षं सुटे भाग आणि किती वर्षं प्रणालीचे सुधार मिळतील, ते विकतानाच लिहून द्या. स्लॉटमध्ये कार्ड बसवणारा माणूस लांबचा विचार करून पैसे घालतो.

तक्रारी बऱ्याच झाल्या, म्हणून हेही लिहिते की एम-मालिकेच्या चिपांनी तुम्ही जे केलं ते विलक्षण आहे. इतक्या कमी विजेवर, इतक्या कमी आवाजात इतकं काम करणारा संगणक माझ्या व्यवसायाला वरदान आहे. मुद्रणाच्या खोलीत तो असल्याचं कळतही नाही. म्हणूनच दुसऱ्या प्रणालीकडे निघून जाणं मला सोपं वाटत नाही. माझी साधनं, माझे हजारो तासांचे प्रकल्प आणि बोटांना लागलेली सवय, सगळं मॅकवर आहे.

मोहावीवर आता नवी साधनं चालत नाहीत. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या तिच्यासाठी येत नाहीत, आणि माझ्या टेबलावर आणखी चौदा स्पूल टेप रांगेत आहेत. पुढचा संगणक मला फार लांबवता येणार नाही. तेव्हा उत्तर जाहीर आणि स्पष्ट द्यावं, एवढी विनंती. असा डेस्कटॉप येणार असेल तर तसं सांगा. मी जुन्या टॉवरवर आणखी एक वर्ष काढीन आणि पैसे साठवीन. येणार नसेल तर तेही सांगा, म्हणजे वाट पाहत थांबलेले आम्ही सगळे आपापली सोय बघू.

आपली,
मॅकवर काम करणारी एक ध्वनिसंकलक